भंडारा जिल्ह्यांतील तळीं आणि त्यांचे कागद

१. हेतु

रतनपूरचा कलचुरि राजा जाजल्लदेव याच्या इ. स. १११४ च्या शिलालेखांत ‘भाणार’ असें एक नांव येतें, व तें हल्लींच्या भंडाऱ्याचें असावें असें विद्वान् मानतात. या एका शब्दावर आजवर बरेंच लिहिलें गेलें. परंतु ज्या साधनावर या प्रांतांतील माणूस पिढ्यान् पिढ्या जगला, त्याविषयीं इतिहाससंशोधकांनीं फार थोडें लिहिलें आहे. तें साधन म्हणजे गांवचें तळें.

जुन्या भंडारा जिल्ह्यास तळ्यांचा जिल्हा म्हणण्याचा प्रघात आहे. ता. १ मे १९९९ रोजीं या जिल्ह्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा काढण्यांत आला. प्रस्तुत लेखांत मात्र ‘भंडारा’ हा शब्द जुन्या, अविभक्त जिल्ह्यास अनुलक्षून योजिला आहे, कारण तळ्यांचा इतिहास त्या विभागणीच्या पूर्वींचा आहे. नांगर, मोट, घाणा यांप्रमाणेंच तळें हेंहि नित्याच्या वापराचें एक यंत्र आहे, आणि प्रत्येक यंत्राप्रमाणें तें कांहीं देतें व कांहीं घेतें. हा जमाखर्च मांडणें, तो कोणत्या कागदांत नमूद झाला हें दाखविणें, आणि ते कागद हातचे जाऊं नयेत म्हणून संग्राहकांस विनंति करणें, असा या लेखाचा त्रिविध हेतु आहे.

२. भूमि व पाऊस

वैनगंगा ही या जिल्ह्याची मुख्य नदी. बावनथडी, बाघ, सूर, चुलबंद इत्यादि नद्या तिला मिळतात. मधून मधून बुटक्या टेकड्यांच्या रांगा, त्यांमधील खोलगट दऱ्या, आणि त्यांच्या तोंडाशीं हलक्या उताराचीं शेतें, अशी या मुलखाची ठेवण आहे. पाऊस भरपूर पडतो; परंतु त्याचा बहुतेक भाग आषाढ ते भाद्रपद या महिन्यांत येऊन जातो. येथील मुख्य पीक धान. धानाचें भवितव्य पावसाच्या एकंदर मापावर जितकें अवलंबून असतें, त्याहून अधिक तो पाऊस केव्हां पडतो यावर असतें. रोवणीच्या वेळीं बांधींत पाणी उभें नसेल तर पऱ्हे जागींच वाळतात. आणि हस्त-चित्रांच्या सुमारास, दाणा भरण्याच्या वेळीं, आकाश कोरडें गेलें तर उभें पीक पोंचट होतें. भारी धानास ही शेवटची ओल विशेषच लागते.

यावरून तळ्याचें खरें काम स्पष्ट होतें. श्रावणांत जें पाणी नदींतून वाहून जावयाचें, तें आश्विनापर्यंत थोपवून ठेवणें, एवढेंच तें काम. दोन टेकड्यांमधील खिंड मातीच्या पाळीनें बुजविली कीं तळें झालें. वरचें पाणी आपल्या वजनानें खालच्या शेतांत उतरतें. मोट, बैल वा दोर यांची गरज लागत नाहीं. ज्या भूमीनें खिंड दिली, तिनेंच उतारहि दिला.

३. बांधणारे

या कामांत कोहळी जातीचें नांव सर्वांत पुढें आहे. रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्यप्रांतांतील जातिविषयक ग्रंथांत, या जातीस चांद्याच्या एका गोंड राजानें काशीहून परततांना आपल्याबरोबर आणिलें, अशी तिची स्वतःची परंपरा नमूद आहे. जो तळें बांधील त्यास त्या तळ्याखालीं भिजणारी जमीन मिळावी, असें गोंड राजांचें धोरण होतें, असेंहि परंपरेनें सांगतात. काशीची कथा ही बहुधा प्रतिष्ठेची कथा आहे. अशा कथा अनेक जातींत आढळतात, व दुसरा पुरावा मिळेपर्यंत ती परंपरा म्हणूनच ठेवावी. तळ्याखालील जमिनीची गोष्ट मात्र निराळ्या स्वरूपाची आहे. तींत एक व्यवहार आहे, आणि तो व्यवहार जमिनीच्या ठेवणीशीं जुळतो. ओसाड खिंडींतील पडीत भूमि देण्यांत राजाचें कांहीं जात नव्हतें. पाणी आल्यावर तीच भूमि सारा देऊं लागे. बांधणाऱ्यासहि आपल्या श्रमाचें मोल पिढीजाद मिळे.

नवेगांवचें तळें हें या सर्वांत प्रसिद्ध. तें अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधिलें, अशी परंपरा गॅझेटियरांत नोंदविली आहे. भोंवतालच्या सात शिखरांस सात बहिणी म्हणतात, व त्यांच्याच साह्यानें पाळ उभी राहिली असें सांगतात. पुढें कोलू पाटील स्वतःच देवपदास पोहोंचून ‘कोलासूर’ या नांवानें पूजिला जाऊं लागला. इंपीरियल गॅझेटियरांत या तळ्याचें क्षेत्र पांच चौरस मैल व घेर सतरा मैल दिला आहे. सिवनीच्या तळ्याचा घेर सात मैलांहून अधिक सांगितला आहे. सिरेगांवचें तळेंहि याच पंक्तींतलें. पूर्व विदर्भांत अशीं लहानमोठीं तळीं आजहि सहा-सात हजारांच्या घरांत गणलीं जातात.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. तळें एका पाटलाच्या नांवावर चढतें, परंतु पाळीची माती एका माणसानें वाहिलेली नसते. गोंड, ढीवर, महार इत्यादि ज्या ज्या जातींचे लोक या गांवांत राहात होते, त्यांच्या हातांवांचून इतकी माती हलली नसती. देवळांत कोलासूर बसला. टोपलीवाल्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. अवाढव्य काम आणि एकच नांव, हा प्रकार इतिहासांत सर्वत्र आहे. तळ्यांच्या बाबतींत तो विसरला जातो, म्हणून येथें उल्लेखिला.

४. रचना

तळ्याची रचना साधी दिसते. तिच्यांत युक्ति बरीच आहे. पाळ शुद्ध मातीची. पोटांतील माती काढून पाळीवर घालीत, म्हणजे एकाच श्रमांत तळें खोल होई व पाळ उंच होई. पाळीखालून पाणी सोडण्याचें जें द्वार, त्यास या भागांत तुडुम म्हणतात. जास्त झालेलें पाणी जाण्यास पाळीच्या टोंकाशीं, शक्य तेथें मूळच्या खडकावरून, सांडवा ठेवीत. कारण मातीच्या पाळीवरून एकदां पाणी वाहूं लागलें म्हणजे पाळ गेलीच म्हणून समजावें. कित्येक ठिकाणीं वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यास भरतो, व खालच्याचा त्याहून खालच्या बोडीस. अशी साखळी नदीपर्यंत उतरत जाते. या साखळींतील एक पाळ फुटली तर तिचा धक्का खालच्या सर्वांस बसतो. म्हणून वरच्या गांवची दुरुस्ती ही खालच्या गांवचीहि काळजी असते.

तुडुमांतून निघालेलें पाणी थोडें अंतर पाटानें जातें. पुढें तें एका बांधींतून दुसरींत, दुसरींतून तिसरींत, असें शेतांतूनच पुढें सरकतें. या रीतीचे गुणदोष नीट पाहण्यासारखे आहेत. पाटासाठीं जमीन वायां जात नाहीं. खणण्याचा खर्च नाहीं. वरच्या शेतांतील सुटलेला कस खालच्या शेतास मिळतो. परंतु खालच्या धन्यास वरच्याच्या मर्जीनें वागावें लागतें. वरच्यानें बांध न फोडिला तर खालचा कोरडा राहतो. सर्वांस एकच पीक, एकाच हंगामांत घ्यावें लागतें. मधल्या एकानें धानाऐवजीं कोरडें पीक घेतलें तर एक तर त्याचें बुडतें, नाहीं तर खालच्यांचें वाळतें. अर्थात् ही रीति स्वस्त आहे ती शेजारधर्माच्या जोरावर. पैशाचा खर्च वांचला, पण त्याजागीं परस्परांचें बंधन आलें.

५. जमा आणि खर्च

जमेच्या बाजूस पहिली रक्कम अर्थात् धानाची. तिच्यामागें ऊस. ऊस लावणें व गूळ करणें यांत कोहळ्यांचा हातखंडा होता, आणि ज्या तळ्यांत उन्हाळ्यापर्यंत पाणी टिके त्यांच्याखालींच तो ऊस होई. याशिवाय तळ्याच्या भोंवतालच्या विहिरी जिवंत राहात. गुरांस पाणी मिळे. ढीवरांस मासे, शिंगाडे व कमळाचे कंद मिळत. उन्हाळ्यांत उघडा पडलेला गाळ शेतांत खताप्रमाणें पसरीत. गाळ काढला कीं तळें खोल होई व शेत सुपीक होई. दोन कामें एकाच फेरींत साधत.

खर्चाची बाजूहि तितकीच लांब आहे. उथळ तळें पाण्याच्या मानानें जमीन फार खातें. नवेगांवचे पांच चौरस मैल म्हणजे ३२०० एकर होतात. एवढी भूमि पाण्याखालीं गेली, तेव्हां तिच्यावरील रान व चराईहि गेली. उथळ पाणी उन्हानें लवकर उडून जातें. सांचलेल्या पाण्याच्या कांठीं डांस होतात, आणि हिंवताप हा या धानपट्ट्याचा जुना सोबती होता. सभोंवारचें जंगल तुटलें कीं टेकडीची माती पावसाबरोबर तळ्यांत उतरते. म्हणजे तळें आपल्या डोक्यावरील रानावर जगतें, आणि त्याच तळ्यामुळें वाढलेली वस्ती सरपण व बांधणीचें लांकूड यांसाठीं तें रान तोडते. हा विरोध तळ्याच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

दुसरी एक मर्यादा दुष्काळानें उघड केली. तळें पावसाची वेळ सांवरूं शकतें. पावसाचा अभाव सांवरूं शकत नाहीं, कारण तें स्वतः पावसानेंच भरतें. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत वैनगंगेच्या खोऱ्यांतील धानाच्या मुलखास हा अनुभव पुरेपूर आला. त्यानंतर १९०१ ते १९०३ च्या पाटबंधारे कमिशनाच्या चौकशीमुळें सरकारचें लक्ष इकडे वळलें, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत चांदपूर, बोदलकसा, चोरखमारा यांसारखे मोठे तलाव सरकारी इंजिनीयरांनीं बांधिले. खिंड तीच, मातीची पाळहि तीच. फरक पडला तो पाणी सोडणाऱ्या हातांत: गांवच्या पंचांऐवजीं खात्याचा नोकर आला, आणि शेजारधर्माऐवजीं पाणीपट्टीची पावती आली.

शेवटची रक्कम माणसामाणसांतील. पाणी सर्वांचें, असें म्हणण्याची चाल आहे. परंतु तळ्याच्या कांठचे घाटहि जातवारीनें वेगळे असत, आणि तुडुम उघडण्याचा अधिकार ज्याच्या हातीं, त्याच्या दाराशीं सर्वांस जावें लागे. मालगुजाराच्या पाळीवर वेठ करावी लागे ती याच कारणास्तव. तळ्यांच्या गतवैभवाचें वर्णन करतांना ही रक्कम वहींतून खोडणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

६. कागदांचा इतिहास

येथवर मातीचें वर्णन झालें. आतां कागदाकडे वळूं. कारण आमच्या मतें तळें टिकतें तें, त्याची दुरुस्ती कोणीं करावयाची व पाणी कोणीं कोणत्या क्रमानें घ्यावयाचें, या ठरावावर. तो ठराव बदलला कीं मातीहि ढासळूं लागते. भंडाऱ्याच्या तळ्यांच्या इतिहासांत असा बदल तीनदां झाला.

अठराव्या शतकाच्या मध्यास गोंड राज्यें नागपूरकर भोसल्यांकडे आलीं. त्यांच्या अमदानींत पाटील हा गांवचा सारा भरण्याचा पट्टा घेणारा होता. गांव त्याच्या मालकीचा नव्हता. पट्टा चढाओढीनें दुसऱ्याकडे जाऊं शके. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याचा १८२७ सालीं छापलेला नागपूरच्या मुलखाविषयींचा अहवाल या व्यवस्थेच्या अभ्यासास अद्याप अपरिहार्य आहे. ज्याचा पट्टा उद्यां राहील कीं नाहीं याची खात्री नाहीं, त्यानें पाळीवर पैसा कां घालावा? या प्रश्नाचें उत्तर त्या काळच्या पट्ट्यांत व कौलांतच शोधिलें पाहिजे. तळ्याच्या दुरुस्तीबद्दल कांहीं सूट वा अट त्यांत आहे काय, हें पाहणें महत्त्वाचें आहे.

१८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, आणि त्यानंतरच्या पहिल्या तीसवर्षी बंदोबस्तांत या पट्टेदारांस गांवाचे मालक ठरविण्यांत आलें. हा पहिला मोठा बदल. ‘मालगुजारी तलाव’ हें जें नांव आज रूढ आहे, तें या घटनेचें अपत्य आहे. तळीं जुनीं, नांव अर्वाचीन. मालकी मालगुजारास मिळाली खरी, परंतु कुळांच्या पाणी घेण्याच्या व गांवकऱ्यांच्या निस्ताराच्या रूढि गांववार लिहून घेण्यांत आल्या. त्या लेखास वाजिब-उल-अर्ज म्हणतात. गांवच्या रीतिभाती लिहून ठेवणारा हा कागद राजांच्या सनदांपेक्षां रूपानें दरिद्री. मोहोर नाहीं, सुवर्णाक्षर नाहीं. पण कोणाची बांधी कोणत्या तळ्यावर भिजत होती, याची साक्ष तोच देतो.

दुसरा बदल ता. ३१ मार्च १९५१ चा. त्या दिवशीं १९५० च्या मध्यप्रदेश कायद्यान्वयें मालगुजारी हक्क संपुष्टांत आले व बहुतेक तळीं सरकारजमा झालीं. ज्या तळ्यांवर मालगुजाराखेरीज दुसऱ्या कोणाचा सिंचनाचा हक्क नव्हता, अशीं कांहीं तळीं मात्र जुन्या मालकाकडेच राहूं शकलीं. म्हणजे तळें गांवचें कीं घराण्याचें, या प्रश्नाचा निकाल पुन्हां जुन्या कागदांतील एका ओळीवर येऊन ठेपला. वेठ गेली, मालकाचा दरारा गेला, हें इष्टच झालें. त्याबद्दल हळहळ वाटण्याचें कारण नाहीं. परंतु दुरुस्तीची जबाबदारी ज्या हातांत होती ते हात सुटले, आणि दुसरे हात तितक्या वेगानें पुढें आले नाहींत.

तिसरा बदल १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्यानंतरचा. लहान तळीं परिषदेकडे व मोठीं पाटबंधारे खात्याकडे, अशी वांटणी झाली. साखळी एक, पण तिच्या कड्या दोन दप्तरांत गेल्या. पुढील काळांत गाळ सांचला, तळ्याच्या पोटांत अतिक्रमणें झालीं, बेशरमीचीं झुडपें माजलीं, आणि ज्यास ऐपत होती त्यानें विहिरीवर वा कूपनलिकेवर विजेचा पंप बसविला. पंपानें वरच्या शेजाऱ्याची मनधरणी संपविली, हा त्याचा मोठा गुण. पण पाळीवर सर्वांनीं मिळून माती टाकण्याचें कारणहि त्याबरोबरच संपलें. तळ्यांत रोहू, कटला, मृगल या माशांचें बीज सोडण्याची पद्धति आली. तीमुळें वजनी उत्पन्न वाढलें, पण स्थानिक जातींचे लहान मासे व त्यांस आसरा देणाऱ्या पाणवनस्पती ओसरल्या. भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळ या संस्थेनें अर्जुनी-मोरगांव भागांत ढीवर समाजाच्या साह्यानें बेशरम उपटून, तळ्याचा तळ नांगरून, देशी पाणवनस्पती पुन्हां लावण्याचें काम केलें आहे. ज्यांचें नांव पाळीवर कधीं लागलें नाहीं, त्यांच्याच जवळ तळ्याच्या पोटाचें ज्ञान शिल्लक होतें, ही गोष्ट संशोधकांनीं लक्ष्यांत घ्यावी.

७. गोसेखुर्द

तुलनेसाठीं एक अर्वाचीन उदाहरण घेऊं. पवनी तालुक्यांत वैनगंगेवर गोसेखुर्दचें धरण आहे. त्याची कोनशिला ता. २२ एप्रिल १९८८ रोजीं बसविण्यांत आली, व २००९ सालीं त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तळ्याच्या वहींत ज्या रकमा होत्या त्याच याहि वहींत आहेत: भिजणारी जमीन, बुडणारी जमीन, मासे, रोगराई, आणि पाणी सोडणारा हात. मोठा फरक अंतराचा आहे. गांवच्या तळ्यांत बुडणारा व भिजणारा बहुधा एकाच शिवेंतले. त्यांचें भांडण एका पारावर बसून ऐकतां येई. मोठ्या धरणांत गांव बुडतो एकीकडे आणि शेत भिजतें दुसरीकडे. तसेंच नागपूर शहराचें सांडपाणी नाग नदीच्या वाटेनें याच जलाशयाकडे येतें. लहान तळ्यास जितकें पाणी पुरवितां येतें त्याहून धरण कितीतरी अधिक पुरवितें, हें कबूल केलेंच पाहिजे. त्याच्या खर्चाची वहीहि तितक्याच काळजीनें जपली जावी, एवढेंच आमचें म्हणणें.

८. संग्राहकांस विनंति

पुढील प्रकारचे कागद जुन्या भंडारा जिल्ह्यांतील पाटील-मालगुजारांच्या व पटवाऱ्यांच्या घरीं असण्याचा संभव आहे, व त्यांकडे रद्दी म्हणून पाहिलें जाण्याचा धोका आहे: (१) भोसलेकालीन पट्टे व कौल, (२) बंदोबस्ताच्या वेळचे गांवनकाशे, (३) वाजिब-उल-अर्ज व निस्तारपत्रक यांच्या नकला, (४) पाणीपाळीचे व पाळीच्या दुरुस्तीचे खर्डे, (५) मासे व शिंगाडे यांच्या मक्त्याचे कागद, (६) तळ्यावरून झालेल्या तंट्यांचे निवाडे. यांपैकीं वाजिब-उल-अर्ज व निस्तारपत्रक हीं नांवें १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंतहि टिकून आहेत. ते कागद मेलेले नाहींत. एखाद्या खालच्या बांधीच्या धन्यास आपला पाण्याचा हक्क सिद्ध करावयाचा झाल्यास, त्याला त्यांचाच आधार घ्यावा लागेल.

कागद मिळाल्यावर तो घेऊन तळ्यावर जावें. जुना नकाशा हातीं धरून पाळ एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत चालावी. तुडुमाचें स्थान, सांडव्याचा खडक, पाळीवरील देव, व बांध्यांचीं स्थानिक नांवें टिपावीं. आणि हीं नांवें केवळ पाटलाच्या वाड्यांत विचारूं नयेत, ढीवरटोळींत व खालच्या शेवटच्या बांधीच्या धन्यासहि विचारावीं. शेवटच्या बांधीवर जो उभा राहतो, त्यालाच तळ्याचें पाणी कोठपर्यंत पोहोंचत होतें हें नेमकें ठाऊक असतें. जुनी मोडी वाचणारीं माणसें आणि तुडुम उघडलेलीं माणसें, दोघेंहि आतां थोडींच उरलीं आहेत. त्यांची गांठ एकाच पाळीवर पडावी, एवढी इच्छा प्रदर्शित करून हा लेख पुरा करतों.